मत फुटण्याचे वय

मुलाला मिसरूड फुटले की ते घरातल्या सगळ्यांना दिसते. आत्या चेष्टा करते, आजोबा आपल्या वस्तऱ्याच्या गोष्टी सांगतात आणि चिरंजीव आरशापुढे जरा अधिक रेंगाळू लागतात. मत फुटते ते मात्र असे दिसत नाही. ते बहुधा जेवताना, आमटीचा दुसरा भुरका आणि भाताचा तिसरा घास यांच्या मध्ये केव्हा तरी, 'पण असं कशावरून?' एवढ्या तीन शब्दांतून बाहेर पडते. वाढणारीचा हात क्षणभर थांबतो, घरातला कर्ता पुरुष पाण्याचा घोट घेतो, आणि 'गप्प जेव' या दोन शब्दांवर त्या दिवसापुरता विषय मिटतो. पुढे तो मिटत नाही, हे ज्या घरांत मुले आहेत त्यांना मी सांगायला नको.

आपल्या मध्यमवर्गीय घरात राजकीय मत हे बरेचसे कुलदैवतासारखे असते. ते कोणी निवडलेले नसते, ते असते. आजोबांचे जे तेच वडिलांचे, आणि लग्न होऊन आलेल्या सुनेने माहेरचा देव जसा निमूटपणे देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात ठेवावा, तसे माहेरचे मतही ठेवायचे असते. वर्तमानपत्र कोणते घ्यायचे ते या मतावरून ठरते, आणि मग त्या वर्तमानपत्रावरून मत पक्के होत जाते. पाच-सहा वर्षांचे पोरदेखील पाहुण्यांसमोर एखाद्या पुढाऱ्याचे नाव घेऊन 'तो चोर आहे' असे ठणकावून सांगते आणि सारे घर कौतुकाने हसते. तेवढे पोपटालाही येते.

खरी मौज पुढे आहे. पोर सोळा-सतराचे झाले की बाप ज्या बाजूला, त्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूला जाऊन उभे राहते. बापाने एखाद्या मंत्र्याची स्तुती केली की याने नाक मुरडलेच. यालाच तो 'माझे स्वतंत्र मत' म्हणतो. मला विचाराल तर वडिलांचा सदरा उलटा करून घातला म्हणून तो काही आपला होत नाही. शिवण तेवढी बाहेर दिसते. बापाच्या मतावरून मुलाचे मत जर अचूक सांगता येत असेल, तर ते सरळ असो की उलटे, ते अजून बापाचेच. त्यानंतरची पायरी मित्रमंडळींची. पूर्वी कट्टा होता, आता जोडीला मोबाईलवरचा ग्रूप आला. कट्ट्यावर निदान एखादा चहा सांगायला उठून जाई आणि तेवढ्यात दुसऱ्याला वेगळे बोलायला फट सापडे. ग्रूपवर तीही सोय नाही. तिथे सगळेच सदोदित हजर.

मी गेली वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो. वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांचा हंगाम आला की मुले येतात आणि म्हणतात, "सर, मुद्दे काढून द्या." मी विचारतो, "कोणत्या बाजूचे?" उत्तर येते, "ते चिठ्ठी निघाल्यावर कळेल." एका वर्षी एका मुलाने 'विद्यार्थ्यांनी राजकारणात पडावे' या बाजूने बोलून एका गावाहून ढाल आणली आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावी त्याच विषयाच्या विरुद्ध बोलून चषक आणला. दोन्ही भाषणे उत्तम झाली होती. मी त्याला स्टाफरूमबाहेर गाठून विचारले, "तुला स्वतःला काय वाटतं रे?" पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, "सर, त्याला वेळच मिळाला नाही."

या स्पर्धांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. दुसऱ्याची बाजू दुसऱ्याइतक्याच जोराने मांडता येणे ही मोठी विद्या आहे, आणि ती येत नसलेली माणसे संसदेपासून सोसायटीच्या वार्षिक सभेपर्यंत आपण रोज पाहतो. पण ती निम्मी विद्या झाली. चिठ्ठी न काढता कोणत्या बाजूला बसायचे, हे उरलेल्या निम्म्यात येते, आणि तो भाग अभ्यासक्रमात नाही.

पालकांचे तर विचारूच नका. 'राजकारण हा चिखल आहे, तू आपला अभ्यास कर' हे वाक्य दहावीपासून पदवीपर्यंत चालते. मग तेच पालक मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याला मतदान केंद्रावर नेतात आणि शाई लावलेल्या बोटाचे छायाचित्र काढून नातेवाइकांना पाठवतात. १९८९ पूर्वी मताधिकाराचे वय एकवीस होते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ते अठरावर आणले. घटनेने तीन वर्षांची सूट दिली. घरांनी किती दिली, याची नोंद कुठे नाही. अशा घरातून आलेला तरुण मग 'सगळे सारखेच' असे म्हणू लागतो आणि त्याला आपण फार प्रौढ झालो असे वाटते. सगळ्या उत्तरपत्रिका न तपासता सरसकट पस्तीस गुण देणारा परीक्षक आणि हा तरुण यांत मला फारसा फरक दिसत नाही.

स्वतःचे मत कसे येते याची एक चांगली हकीगत आपल्याकडे लिहून ठेवलेली आहे. यशवंतराव चव्हाणांचे 'कृष्णाकाठ' हे आत्मचरित्र १९८४ साली प्रसिद्ध झाले. पुढे ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले, देशाचे संरक्षणमंत्री झाले, ते सगळे घटकाभर बाजूला ठेवू. मला हवा आहे तो कराडच्या टिळक हायस्कुलातला मुलगा. १९१३ साली देवराष्ट्रे गावी जन्मलेला, वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले, घरची गरिबी. वडीलबंधू गणपतराव ब्राह्मणेतर चळवळीकडे ओढलेले. घरातली हवा ती होती आणि त्या हवेला सबळ कारणेही होती. अशा घरातला हा मुलगा राष्ट्रीय चळवळीकडे वळला. मला महत्त्वाचे वाटते ते त्याच्या वळण्याच्या तऱ्हेत. तो भावाशी भांडून, घर सोडून, पाट्या फोडून गेला नाही. बहुजन समाजाच्या हलाखीचा जो मुद्दा भावाच्या मनात होता तो त्याने टाकून दिला नाही. तो काखेत घेऊनच तो काँग्रेसच्या प्रभातफेरीत शिरला. सदरा उलटा करून घालणाऱ्यांना ही युक्ती सुचत नाही.

याच मुलाची आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. मोठेपणी कोण होणार, असे शिक्षकांनी वर्गात विचारले. इतर मुलांनी थोर पुरुषांची नावे लिहिली. याने स्वतःचेच नाव लिहून दिले. शिक्षकांना त्यात गर्व दिसला, आणि माझ्या वर्गात हे घडते तर मलाही कदाचित तसेच वाटले असते. पण पुढे १९३२ च्या जानेवारीत झेंडा लावल्याबद्दल या मुलाला अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्या नावाचा जमाखर्च सुरू झाला. माफी मागितली तर सुटका होईल असे सुचवण्यात आले, तेव्हा त्याची निरक्षर आईच माफीच्या विरुद्ध उभी राहिली. तुरुंगात गांधीजींना मानणारे, समाजवादाकडे झुकलेले, मार्क्स वाचणारे असे नाना तऱ्हेचे लोक भेटले. वाचन आणि वाद दोन्ही झाले. नंतर हा तरुण मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांनी भारला गेला, आणि दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांना साहाय्य करावे असे रॉय म्हणू लागताच त्यांच्यापासून दूर झाला. भारावणे आणि दूर होणे या दोन्ही गोष्टी काही वर्षांच्या अवधीत. आमच्याकडे एवढ्यावरून एखाद्याला 'दलबदलू' म्हणतील. परंतु एका ठरावीक प्रश्नावर, एका ठरावीक कारणासाठी दूर होणे आणि वारा पाहून फिरणे यांतला भेद ज्याला कळतो, त्याने राजकारणाचा निम्मा अभ्यास केला असे मी धरतो.

आगरकरांची गोष्ट तर आम्ही दरवर्षी शिकवतोच. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात टिळक आणि आगरकर १०१ दिवस एकत्र होते. त्याच आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी'चे संपादकपद सोडले आणि पुढल्या वर्षी 'सुधारक' काढला. परीक्षेत मुले या फुटीची कारणे चार मुद्द्यांत लिहितात. तुरुंग वाटून घेतलेल्या मित्रापासून वेगळे होताना माणसाला रात्री झोप लागली असेल का, हे कोणी लिहीत नाही, कारण त्याला गुण नाहीत. 'सुधारक'ची इंग्रजी बाजू सांभाळायला गोपाळ कृष्ण गोखले आले ते अवघे बावीस वर्षांचे. आमच्याकडे त्या वयाची मुले अजून 'बाबांना विचारून सांगतो' म्हणतात.

एक आकडा मात्र मला नेहमी आठवतो. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या झाल्या तेव्हा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी आपले नावच सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच ओळख त्या देत. बहुतेक उत्तरेकडच्या प्रांतांतल्या. मताचा अधिकार हातात होता, उमेदवारागणिक चिन्ह लावलेली वेगळी पेटी केंद्रात तयार होती, आणि अडले ते नावापाशी. कराडच्या शाळकरी मुलाने कागदावर स्वतःचे नाव लिहिले ते मला यामुळेच लहान वाटत नाही.

आता थोडे घरचे. आमच्या घरात तीन पिढ्यांची तीन मते एका पंगतीला जेवतात. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, पोस्टातून निवृत्त झाले. त्यांनी पहिले मत १९६७ साली, एकविसाव्या वर्षी दिले. आमच्या कन्येने पहिले मत दिले ते २० नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभेच्या निवडणुकीत. सगळे एकत्र गेलो होतो. परत येताना अण्णांनी नातीला विचारले, "दिलंस ना?"

"दिलं."

"कुणाला?"

"आजोबा, ती चिठ्ठी काचेतून सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. पडली."

अण्णा खूप हसले. रस्त्यात भेटेल त्याला त्यांनी हे सांगितले. त्या वेळी ती गंमत होती. मत पेटीत पडले की दिसत नाही, तोवर ते कोणालाच बोचत नाही.

बोचले ते पुढल्या वर्षी. १६ एप्रिल २०२५ रोजी शासन निर्णय निघाला की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य. महाराष्ट्रात गदारोळ झाला. १७ जूनला दुसरा निर्णय आला. त्यात 'अनिवार्य' हा शब्द नव्हता. त्याच्या जागी 'सर्वसाधारणपणे' आला होता. मराठीचा शिक्षक म्हणून सांगतो, 'सर्वसाधारणपणे' या शब्दाएवढा सोयीचा शब्द आपल्या भाषेत दुसरा नसेल. त्यात हो, नाही आणि बघू, तिन्ही मावतात. घरात अण्णा हिंदीच्या बाजूने. देश एक, त्याला एक समान भाषा हवी, यात पहिली काय नि पाचवी काय, असे त्यांचे म्हणणे. कन्येच्या मैत्रिणींचा ग्रूप कडकडीत विरुद्ध. दोन्हींकडून तिला एकच प्रश्न, "तू कुणाच्या बाजूची?"

तिने मला विचारले, "बाबा, तुमचं काय मत?" मी म्हणालो, "तुझं ठरलं की सांगेन." शिक्षकाला तोंड मिटून बसणे किती जड जाते ते शिक्षकांच्या घरच्यांनाच ठाऊक.

मग तिने एक साधी गोष्ट केली, जी मला वाटते त्या आठवड्यात भांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी केली असेल. तिने शासन निर्णय काढून वाचला. सरकारी मराठी वाचणे सोपे नव्हे. 'देण्यात येत आहे' आणि 'विचाराधीन होती' यांच्या जंगलात कर्ता सापडत नाही. मी तिला तो शोधायला तेवढी मदत केली. वाचता वाचता तिला एक अट सापडली. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गातल्या निदान वीस मुलांनी ती मागायला हवी. ती म्हणाली, "आईच्या माहेरच्या शाळेत पहिलीत मुलंच नऊ आहेत. मग वीस कुठून आणायची?" मग कॉलेजच्या ग्रंथालयातून तिने कोठारी आयोगाच्या १९६६ च्या अहवालाची माहिती आणली. प्राथमिकच्या पहिल्या टप्प्यात एकच भाषा पुरे, बाकीच्या पुढे टप्प्याटप्प्याने, असे त्या आयोगाचे म्हणणे होते. शेजारच्या इमारतीत पहिलीला शिकवणाऱ्या बाई राहतात, त्यांना ती जाऊन भेटली. लिपी एकच, शब्द एकच आणि अर्थ वेगळे, याने लहान मुलांचा गोंधळ होईल असे बाईंना वाटत होते. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आपली म्हणजे छड्या.

एका कागदावर तिने मधोमध रेघ मारून दोन्ही बाजू लिहिल्या. एक मुद्दा तिला फार छळत होता. लहान मुले कानावर पडणारी भाषा पटकन उचलतात. आमच्या जिन्यावर खेळणारी परप्रांतीय पोरे सहा महिन्यांत मराठी बोलू लागली, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. हा मुद्दा तिच्या कलाच्या विरुद्ध जात होता. दोन दिवस तो खोडावा की ठेवावा यात गेले. शेवटी तिने तो ठेवला आणि पुढे लिहिले: 'बोलणं वेगळं, वाचणं-लिहिणं वेगळं. पण मुद्दा खरा आहे.'

तिचे मत ठरले. पहिली-दुसरीला तिसरी भाषा नको, पाचवीपासून आहे तशी हिंदी असू द्यावी. रविवारी चहाच्या वेळी तिने ते अण्णांना सांगितले. अण्णा उठून आत गेले. रोज सकाळी आजोबा-नात मिळून वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवतात. सोमवारपासून ते कोरेच रद्दीत जाऊ लागले.

तिला वाटले, निदान मैत्रिणी खूश होतील. पण त्याच सुमारास ग्रूपवर कोणी तरी एक चित्रफीत टाकली. एका हिंदीभाषक फेरीवाल्याला चारचौघे घेरून मराठी बोलायला लावताहेत, तो हात जोडतो आहे, आणि खाली हसण्याची चित्रे. हिने लिहिले, "यात मराठीचं काय भलं झालं?" तासाभरात ती ग्रूपबाहेर. आठवीपासूनच्या मैत्रिणी होत्या. त्या रात्री ती जेवली नाही. सौ. मला म्हणाली, "एवढं काय अडलं होतं तिचं? हो ला हो म्हणाली असती तर?" मी काही बोललो नाही. आई म्हणून तिचे म्हणणे मला कळत होते, आणि उशीत तोंड खुपसून पडलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला आगरकरांची गोष्ट सांगून काही उपयोग नसतो.

२९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याचे जाहीर केले. ग्रूपवर जयघोष झाला, आणि विजयाच्या भरात हिलाही परत आत घेण्यात आले. ती फारशी आनंदलेली दिसली नाही. म्हणाली, "मला हवं तेच झालं, बाबा. पण मी म्हणत होते त्या कारणांनी नाही झालं." हे वाक्य ऐकल्यावर मी तिला माझे मत सांगितले. ते तिच्याशी निम्मेच जुळले. त्यावर आम्ही दोघे रात्री साडेअकरापर्यंत भांडलो, आणि सौ.ने दिवा मालवला म्हणून थांबलो.

अण्णांचा अबोला आणखी चार दिवस चालला. ते गप्प होते, पण रिकामे नव्हते, हे पाचव्या दिवशी जेवताना कळले.

"काय गं," ते म्हणाले, "पहिलीपासून इंग्रजी दोन हजार सालापासून आहे. तेव्हा तुझा बाप काही बोलला नाही, मीही नाही. सहा वर्षांच्या पोराला तिसरी भाषा जड, तर दुसरी हलकी कशी? तुझा कोठारी तर एकच म्हणतो. मग काढा म्हणतेस का इंग्रजी?"

मला वाटले होते ती तडकून उत्तर देईल. ती भात कालवत राहिली. मग म्हणाली, "ते मी अजून ठरवलेलं नाही, आजोबा. काढा म्हटलं तर आपल्या मावशींची मुलगी मला विचारेल, तू शिकलीस आणि मी शिकायची नाही का? तिला काय सांगू ते मला कळत नाही."

अण्णांनी ताकाची वाटी खाली ठेवली. "ठरव. घाई नाही," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर शब्दकोडे निम्मे भरून ठेवलेले होते. उरलेले निम्मे तिने कॉलेजला जायच्या आधी भरले. इंग्रजीचा प्रश्न आमच्या घरात अजून चालू आहे. अण्णांनी परवा नातीकडून कोठारी आयोगाचा मूळ अहवाल मागवून घेतला, आणि त्यातले बारीक टाइप दिसेना म्हणून चष्म्याचा नंबरही बदलून आणला आहे.